घरचा वैद्यसल्ला : साखरेची गोळी आणि आतड्याचा कर्करोग

राजापेठ, अमरावती येथील एका भगिनीने विचारले आहे : "मामाजींना जुना मधुमेह आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, आता केमो चालू आहे. कोणी म्हणतात साखरेची गोळी बंद करा. कोणी म्हणतात त्याच गोळीने कर्करोग जातो. काय करावे?"

ताई, दोन्ही सल्ले ऐकू नका.

मधुमेही माणसाला हा कर्करोग इतरांपेक्षा काहीसा अधिक होतो आणि झाल्यावर धोकाही वाढतो. साखर चढलेली असली की जखम लवकर भरत नाही, पू धरतो. केमोच्या वेळी ओकारी थांबावी म्हणून डेक्सामेथासोन देतात; त्याने साखर आणखी चढते. उलट, जेवण न जाता इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेतल्या, तर साखर एकदम उतरून घाम येतो, हातपाय थरथरतात. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहासाठी १९५७ पासून माहीत आहे. ती घेणारे मधुमेही आतड्याच्या कर्करोगात अधिक जगतात, असे अनेक पाहण्यांत दिसले. जपानमध्ये १५१ जणांवर प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर थोडी मात्रा घेणाऱ्यांच्या आतड्यात नवे कोंब कमी आले. पण कोंब म्हणजे कर्करोग नव्हे. स्तनाच्या कर्करोगात साडेतीन हजारांवर रुग्णांत हीच गोळी तपासली, तेव्हा फायदा दिसला नाही. हा निकाल २०२२ चा. तेव्हा ही गोळी साखरेसाठीच घ्यावी. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास किंवा रंगद्रव्य टोचून स्कॅन काढायचा असल्यास ती घेत असल्याचे आधी सांगावे.

केमोतील ऑक्झालिप्लॅटिनने हातपाय बधिर होतात. मधुमेहाने ते आधीच बधिर असतील, तर काटा रुतलेलाही कळत नाही. मामाजींना वावरात अनवाणी जाऊ देऊ नका. रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात पाहा.

केमो संपल्यावर डॉक्टरांना विचारून चालणे सुरू करा. २०२५ साली ८८९ रुग्णांच्या प्रयोगाचा निकाल आला. तीन वर्षे शिस्तीने व्यायाम करणाऱ्या शंभरांपैकी ९० जण आठ वर्षांनी हयात होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३.

इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावे : शौचातून रक्त, बदललेली सवय, अशक्तपणा, घटते वजन यांना मूळव्याध किंवा गोळीची गरमी म्हणून सोडू नये. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. पुढे नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळते का, तेही तेथे विचारावे.

आणि ताई, साखरेचे व कर्करोगाचे कागद एकाच पिशवीत ठेवा. डॉक्टर दोन असले तरी दोघांनाही सर्व औषधे दाखवा.