खरखर कुणाची?

आमचं गाव केज तालुक्यात. गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी गेले, तर तात्या, म्हणजे माझे आजोबा, रेडिओ कानाला लावून बसले होते. मीडियम वेव्हवरचं परभणी केंद्र, १३०५ किलोहर्ट्झ. बातम्यांच्या जागी नुसती खरखर. दुकानदारानं निकाल देऊन टाकला होता, "तात्या, मशीनच जुनं झालंय." तात्यांनी तो मान्यही केला होता.

माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची, नोकरी सॉफ्टवेअरची. त्या संध्याकाळी डिग्री कामाला आली. मी खोलीतला बल्ब बंद केला. अंधारात निवेदकाचा आवाज स्वच्छ आला. बल्ब लावला, पुन्हा खरखर. सेलवर चालणारा, कुठल्याही वायरला न जोडलेला रेडिओ बल्बमुळे बिघडत होता.

म्हणजे रेडिओ चांगला होता, बल्ब खराब होता. आणि आपण सगळे चुकीच्या वस्तूला दोष देत होतो.

एलईडीला डीसी लागते, घरात येते २३० व्होल्टची एसी. हा बदल करायला बल्बच्या बुडात छोटं सर्किट असतं. अशी बरीच सर्किटं सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतात. त्यातून रेडिओ लहरी निघतात, घरातल्या वायरिंगचीच अँटेना होते आणि त्या लहरी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात घुसतात. त्या अडवायचा उपाय जुनाच आहे: कॉइल आणि कपॅसिटरचा साधा फिल्टर. पण फिल्टर काढला तरी बल्ब तेवढाच उजेड देतो. मग स्वस्त बल्बमध्ये तो कशाला घालायचा?

तात्यांच्या कानातली खरखर म्हणजे कारखान्यात कुणीतरी वाचवलेले पैसे आहेत.

तुमचं रेडिओशी देणंघेणं नसेल, तर टूजीचे दिवस आठवा. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून 'टिर्र-टिक-टिक' यायचं आणि मग फोन वाजायचा. आपण कौतुकानं म्हणायचो, "बघ, फोन येतोय." टूजी फोन सलग सिग्नल सोडत नाही. कॉल चालू असताना तो सेकंदाला सुमारे २१७ झटके सोडतो, जास्तीत जास्त २ वॉट ताकदीचे. स्पीकरची वायर ते झटके पकडायची आणि आतला अँप्लिफायर त्यांचा आवाज करायचा. हे स्पीकर बनवताना अडवता आलं असतं. पण बनवणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. आई म्हणायची, "फोन तिकडं ठेव," आणि आपण ठेवायचो. फोरजीत तो आवाज जवळपास गेला, कारण फोनची सिग्नल सोडायची पद्धत बदलली. स्पीकर होते तसेच राहिले.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "आता रेडिओ कोण ऐकतं? आजोबांना अ‍ॅप टाकून दे." अ‍ॅपला डेटा लागतो, रेंज लागते, चार्जिंग लागतं. तात्यांच्या रेडिओला दोन सेल पुरतात, आणि वीज गेलेली असते तेव्हा तर तो सगळ्यात चांगला वाजतो! चालती वस्तू दुसऱ्याच्या कंजुषीनं निकामी करायची आणि वर मालकालाच 'अपडेट व्हा' म्हणायचं, ही आमच्या धंद्याचीही सवय आहे. जुन्या फोनवर अ‍ॅप अडकलं की आम्ही सांगतो, फोन बदला. दुकानदारानं तात्यांना वेगळं काय सांगितलं?

हा प्रश्न जगाला नवा नाही. अशा अडथळ्यांच्या मर्यादा ठरवणारी 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करते, आणि दिव्यांसाठी तिचं वेगळं मानक आहे. युरोपात या मर्यादा पाळणं बल्ब विकणाऱ्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे एलईडी बल्बला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, पण ती सुरक्षिततेच्या मानकावर: शॉक बसू नये, आग लागू नये. ते हवंच. एलईडीही हवेत, वीजबिल कमी झालंय. पण ज्या देशात २०१५ पासून एकट्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघरी गेले, तिथे बल्ब शेजारचा रेडिओ मारतो का, ही चाचणीही त्याच सक्तीत असायला हवी.

"चांगला बल्ब घ्या" एवढ्यावर हे भागत नाही. मी केजच्या बाजारातून दोन-तीन बल्ब आणून लावून पाहिले. एक अगदी शांत निघाला, म्हणजे शांत बल्ब बनवता येतो. तोच तात्यांच्या खोलीत लावला. खरखर कमी झाली, गेली नाही. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचं घर आहे आणि त्यांच्याकडे कुठला बल्ब असावा हे आम्ही ठरवू शकत नाही.

तात्या आता शेजारचा दिवा बंद व्हायची वाट बघतात. तोवर बातम्या संपलेल्या असतात.