खोक्यावरचा आकडा

रॅमच्या खोक्यावर ३२०० असा ठसठशीत आकडा छापलेला असतो. आपण त्याचेच पैसे मोजतो. दुकानदार रॅम बसवून देतो, विंडोज सुरू होतं, सगळे खूश! आणि रॅम मात्र २१३३ नं चालत राहते. वर्षानुवर्षं. ना कोणी सांगत, ना कोणी विचारत.

आमच्या नागपूरच्या भाच्याच्या पीसीत हेच निघालं. टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर टिचकी मारली की वेग लिहिलेला दिसतो, तिथे २१३३. "मामा, दुकानदारानं फसवलं का?" तर तसं नाही. माल खरा होता. फक्त बायॉसमधलं एक बटण चालू करायचं राहिलं होतं.

गंमत अशी की डीडीआर४ रॅमच्या स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात वेगांची नोंद असते. मदरबोर्ड ती वाचतो आणि मुकाट सगळ्यात सुरक्षित वेग निवडतो. खोक्यावरचा वेग वेगळ्या प्रोफाइलमध्ये असतो. इंटेलनं २००७ मध्ये त्याला एक्सएमपी नाव दिलं, एएमडीनं २०२२ मध्ये डीडीआर५ साठी एक्सपो आणलं, काही मदरबोर्डवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. एकच गोष्ट, नावं छप्पन. ते आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही.

माझा आक्षेप आहे तो इथे. हे प्रोफाइल लावलं की रॅमला ठरलेल्या १.२ व्होल्टऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट मिळतात. म्हणजे हे ओव्हरक्लॉकिंगच. प्रोसेसर कंपन्या बारीक अक्षरांत लिहूनही ठेवतात की ठरल्या मर्यादेबाहेर चालवलंत तर वॉरंटी जाऊ शकते. मग खोक्यावर मोठ्या अक्षरांत तोच आकडा कशाला? साधा वेग आणि ताणलेला वेग, दोन्ही सारख्याच अक्षरांत छापा ना!

असो. बटण चालू करावं असंच माझं मत आहे. भाच्याकडे रायझन ५ ५६००जी आहे. त्यात ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं, म्हणजे गेम आणि विंडोज दोघे एकाच रॅमवर जेवतात. २१३३ ला एका स्टिकमधून सेकंदाला सुमारे १७ जीबी माहिती जाऊ शकते, ३२०० ला २५.६. पण त्याच्याकडे १६ जीबीची एकच स्टिक होती! त्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, कारण दोन वाटा उघडतात आणि आकडा थेट दुप्पट होतो. आधी ते करा, मग बायॉसमध्ये शिरा. (आणि सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं तर दचकू नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, त्याचेच ३२०० होतात.)

प्रोसेसरच्या क्लॉकला मात्र हात लावू नये. १९९८ साली सेलेरॉन ३००ए यायचा, त्याची बस ६६ वरून १०० वर नेली की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा. दीडपट, फुकटात! ते दिवस गेले. आता ५६००जी ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत स्वतःच चढतो-उतरतो. हातानं सगळे कोअर एका वेगाला बांधले, तर गरमी नक्की वाढते आणि एका कोअरचा वरचा वेग बऱ्याचदा जातो.

आता खरी काळजीची गोष्ट. रॅमला वेग झेपला नाही आणि निळा पडदा आला, तर नशीब समजा, निदान कळलं तरी. वाईट ते, की मशीन छान चालतं आणि मधूनच एखादा बिट उलटतो. फाइल कॉपी करताना ती रॅममधूनच जाते. एका चुकलेल्या बिटानं जेपीईजी फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी होऊ शकतो, आणि बॅकअप त्या बिघडलेल्या फाइलचाच होतो. घरगुती पीसीत ही चूक पकडणारी ईसीसी रॅम सहसा नसते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत थोडी सोय असते, पण रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती कामाची नाही.

आणि याच पीसीवर ताईनं घरातले सगळे जुने अल्बम स्कॅन करून ठेवलेत. आजोबांचे फोटो तर दुसरीकडे कुठे नाहीतच. गेममध्ये दहा फ्रेम वाढल्या म्हणून त्यांच्याशी खेळायचं का?

म्हणून मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवायचं. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली आणायचा. २९३३ ला कोणी हसत नाही :-) मशीन सुरूच झालं नाही, तर बंद करून प्लग काढून मदरबोर्डवरचा गोल सेल थोडा वेळ बाहेर ठेवायचा, बायॉस मूळ पदावर येतो.

भाच्याच्या दोन्ही स्टिक जानेवारीत ३२०० ला निर्धोक पास झाल्या. पण नागपूरचा जानेवारी आणि नागपूरचा मे यांत फरक आहे, मंडळी. पारा ४५ ला टेकला की पुन्हा एक रात्र मेमटेस्ट चालवायचं ठरलंय. अल्बम तोवर वेगळ्या हार्ड डिस्कवर, ताईच्या कपाटात.