खोडदची जाळी आणि विहिरीवरची मोटर

आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विखुरण्यातला एक नवा परिणाम सापडला, आणि १९८७पासून देशभर हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक गावांत तो भाषणे आणि निबंध स्पर्धांत सरतो. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या मुलांचे भाग्य असे की त्यांच्या शिवाराला लागूनच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली होते. शाळा-महाविद्यालये आपापले प्रकल्प घेऊन येतात, आणि द्राक्षबागांमधून जाणाऱ्या रस्त्याने माणसांची रीघ लागते.

पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी एखादी जवळून पाहिली की मान आपोआप वर जाते. पण आमची विनंती आहे की मान वर गेल्यावर नजर जाळीवर ठेवावी. ही तबकडी भरीव पत्र्याची नाही. सोळा वक्र चौकटींमध्ये स्टीलच्या तारा ताणल्या आहेत आणि त्यांवर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी बसवली आहे. मध्याजवळ जाळीचे घर एक सेंटीमीटरचे, कडेला दोन सेंटीमीटरचे. त्यातून ऊन खाली पडते, वारा आरपार जातो, पण आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी मात्र परत फिरतात. त्या लहरींची लांबी साधारण एकवीस सेंटीमीटरपासून काही मीटरपर्यंत असते. भोक लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असले की लहरीच्या लेखी ती जाळी भिंतच होते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात दिसणारी बारीक भोकांची जाळी याच कारणासाठी असते: आतली बारा सेंटीमीटरची लहर अडते, प्रकाश बाहेर येतो आणि शिजणारा पदार्थ दिसतो. वारा अडवायचा नाही म्हटल्यावर सांगाडा हलका झाला, सांगाडा हलका झाल्यावर खर्च आटोक्यात आला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती. परवडेल अशा सामानातून जगातली एक मोठी दुर्बीण उभी राहिली, ती या जाळीच्या समजेवर.

एवढे कळले की घरी परतलेल्या मुलाला ओव्हनचे दार, पिठाची चाळणी, खिडकीची मच्छरजाळी पूर्वीसारखी दिसणार नाही. ओळखीची वस्तू कळली की ती जवळची होते, हे आम्हाला आज सांगायचे आहे. त्यासाठी या दोन तालुक्यांत विहिरीवरच्या मोटरीपेक्षा चांगली वस्तू नाही.

कुकडी आणि घोडच्या पाण्यावर इथली द्राक्षे, टोमॅटो, कांदा, ऊस उभा आहे, आणि ते पाणी उचलते थ्री फेज मोटर. रात्रपाळीची लाईट आली की बिबट्याची धास्ती मनात घेऊन बॅटरीच्या उजेडात शेतकरी तिच्याकडे जातो. तिचे कौतुक करायचे तर तिच्या पोटात डोकवावे लागते. बाहेरच्या कड्यात तांब्याच्या तारेची वेटोळी, त्यांना तीन फेज. प्रत्येक फेजचा जोर आधीच्या फेजनंतर एक तृतीयांश फेऱ्याने चढतो. त्यामुळे आतले चुंबकीय क्षेत्र कोणीही न फिरवता गोल फिरू लागते, सेकंदाला पन्नास वेळा, म्हणजे मिनिटाला तीन हजार. मधल्या रोटरला बाहेरून एकही वायर जोडलेली नसते. फिरत्या क्षेत्रामुळेच त्याच्या दांड्यांत वीज उपजते आणि तो क्षेत्रामागे धावतो. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत पुढे घोडी पळते आणि तिच्यामागे बैल, तसे हे आहे. फरक इतकाच की रोटरने क्षेत्राला कधीच गाठायचे नसते. गाठले की दांड्यांतली वीज संपेल आणि ओढही संपेल. म्हणून मोटरीच्या पाटीवर तीन हजारऐवजी २८८०च्या आसपासचा आकडा कोरलेला असतो. १८८८ साली निकोला टेस्ला यांनी या मोटरीचे पेटंट घेतले, आणि आज ती ओतूरच्या आणि मंचरच्या मळ्यांत पाणी चढवते आहे.

एक फेज गेला की मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, हे इथल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. का, ते मात्र त्याला कोणी सांगत नाही. फेज तुटला की फिरणारे क्षेत्र जागच्या जागी मागेपुढे होऊ लागते. थांबलेल्या रोटरला कोणत्या दिशेने निघायचे तेच मिळत नाही. प्रवाह वाढतो, तारेवरचे वार्निश जळते, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर हजारोंचा खर्च उभा राहतो. स्टार्टरमधला प्रिव्हेंटर त्यासाठीच असतो: फेज गेला की तो मोटर बंद करतो. तो काय ओळखतो हे ज्याला कळले, तो त्याला बायपास करताना दहादा विचार करील.

मळा आणि खोडद यांना जोडणारा एक धागा फार सुंदर आहे. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवर उडणारी ठिणगी किंवा खांबावरच्या सैल जोडातली ठिणगी स्वतःच रेडिओलहरी सोडते. जुन्या रेडिओवर बटण दाबताक्षणी खरखर येई ती हीच. १८८७मध्ये हाइनरिख हर्ट्‌झ यांनी रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्याही ठिणगीनेच. दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनची अतिक्षीण कुजबुज ऐकणाऱ्या दुर्बिणीला अशी ठिणगी त्रास देते. म्हणून तर शहरी गलबल्यापासून दूर, टेकड्यांच्या आडोशाची ही जागा निवडली गेली. वीजजोड घट्ट ठेवणारा वायरमन वीजही वाचवतो आणि खगोलशास्त्राचीही सेवा करतो.

खंडेनवमीला आपण याच मोटरीला हळदकुंकू वाहतो, स्टार्टरला झेंडूचा हार घालतो. ती कृतज्ञता खरी आहे, आणि आम्हाला ती प्रिय आहे. पण वर्षभर मुलांना मात्र ‘हात लावू नकोस’ एवढेच ऐकवले जाते. चालू विजेजवळ ते ऐकवलेच पाहिजे. बंद, सुट्या, भंगारात निघालेल्या वस्तूला ते लागू नाही. थर्मोकोलचा ज्वालामुखी विकत आणून मांडणाऱ्या मुलाला शाबासकी मिळते, आणि घरचा बिघडलेला पंखा खोलणाऱ्याला ओरडा. हे उलटे व्हायला हवे.

दोन्ही तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना आमची सूचना आहे. पुढच्या विज्ञान दिनाला शाळेत एका टेबलावर जळालेली मोटर उघडून ठेवावी, शेजारी नवी भरलेली. गावच्या रिवायंडिंगच्या दुकानातल्या कारागिराला प्रमुख पाहुणा म्हणून मानाने बोलवावे. जुन्या वेटोळ्यातले वेढे तो कसे मोजतो, तारेची जाडी कशी जुळवतो, वार्निश लावून का सुकवतो, हे त्याने दाखवावे. मुलांनी विचारावे आणि त्याचे उत्तर वहीत उतरवावे. मग त्याच आठवड्यात सगळ्यांना घेऊन खोडदला जावे.