रोबोट येऊ द्या, पण त्याचा मालक कोण ते आधी सांगा



कारखान्यात काम करणारे एआय रोबोट बनवणाऱ्या स्टार्टअपचे व्हिडिओ सध्या आपल्या ग्रुपवर फिरताहेत. त्याखाली दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया दिसतात. एक: आपल्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या, या यंत्रांना विरोध करा. दुसरी: रडू नका, एआय शिका, स्वतःचा स्टार्टअप काढा. या दोन्हींत आंबेडकरवाद कुठे आहे, हे मला कोणी दाखवावे.

यंत्र वाईट आणि चरखा चांगला, हा विचार गांधींचा. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तो खोडून काढला. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवायचे, वाचायला-विचार करायला फुरसत द्यायची, तर यंत्र पाहिजेच. दोष यंत्राचा नाही, खासगी मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गावगाड्यात सगळी कामे हातानेच होत होती. त्या हातांच्या वाट्याला काय आले, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पण यंत्र आले की जात आपोआप जाते, हेही खोटे. मुंबईच्या गिरण्यांत विलायती यंत्रे होती, तरी विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ होई. आणि जास्त पगार नेमका त्याच खात्यात! १९२८ च्या संपात लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न बाबासाहेबांनीच आग्रहाने मांडला. यंत्र नवे होते, त्यावर कोणी बसायचे हे मात्र जुन्या जातीनेच ठरवले.

आता आपल्या भागाकडे या. १ जानेवारीला आपण पेरण्याला जयस्तंभाला मानवंदना देतो. तिथून भीमा ओलांडली की कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव एमआयडीसी. फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटारी, सगळे इथे बनते. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली पोरे खोल्या करून राहतात आणि बहुतेक वेळा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. खासगी कारखान्यात आरक्षण नाही. त्यामुळे कायम कोण आणि कंत्राटी कोण, हे तुम्हीच गेटवर उभे राहून आडनावे विचारत बघा.

जुना रोबोट पिंजऱ्यात बंद असायचा आणि आखून दिलेली एकच हालचाल करायचा. नवा रोबोट कॅमेऱ्याने बघतो आणि माणसाचे बघून शिकतो. म्हणजे त्याला आधी कामगाराचे हात लागतात. तामिळनाडूत करूर इथे ऑब्जेक्टवेज नावाच्या कंपनीत माणसे डोक्याला कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालत होती. ते व्हिडिओ परदेशातले रोबोट शिकवायला जातात, हे २०२५ मध्ये छापून आले. घडी घालणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी. त्याच्या हातातले कसब मात्र कायमचे कंपनीचे. ज्याने रोबोटला शिकवले त्याचा त्यात वाटा शून्य, यापेक्षा स्वच्छ लूट कुठली?

‘स्टार्टअप काढा’ म्हणणाऱ्यांनी मालकी कुठे जाते तेही बघावे. नोएडाच्या ॲडव्हर्ब या रोबोट कंपनीतला ५४ टक्के हिस्सा २०२२ मध्ये रिलायन्सने सुमारे ९८३ कोटींना घेतला. शिकायचे तर आहेच, त्यात वाद नाही. पण एकट्या हुशार पोराच्या यशाने वस्तीचा प्रश्न सुटतो, हे मला पटत नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे करायला सांगितले होते, ते उगाच नाही.

आणि यंत्र जिथे खरेच हवे, तिथे ते येत नाही. सोलापूर रस्त्याने दौंडकडे निघालात की लोणी काळभोर लागते. तिथे कदमवाकवस्तीत मार्च २०२२ मध्ये शौचालयाची टाकी साफ करताना ४ जण गेले. मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ रोबोट केरळच्या जेनरोबोटिक्सने २०१८ मध्येच बनवला होता. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा तर २०१३ चा. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत रिॲक्टरपाशी माणसाऐवजी यंत्र उभे राहिले तर मी पहिला टाळी वाजवीन. पण गुंतवणूकदाराला मरणाऱ्या माणसाच्या जागी रोबोट नको असतो, पगार मागणाऱ्याच्या जागी हवा असतो.

मग करायचे काय? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होते: कामगार कमी होतील असा यांत्रिक बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची तरतूद राहिली आहे. पण कामगार कपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा केंद्रीय कायद्यात १०० कामगारांची होती, ती ३०० झाली. ठेकेदाराच्या परवान्याची मर्यादा २० वरून ५० वर गेली. नोटीस निघाली तरी ठेकेदाराच्या पोराला ती कोण दाखवणार? त्याला उद्यापासून येऊ नको म्हटले की विषय संपला.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. नोटीस कंत्राटी कामगारालाही. लाइनवर कॅमेरा लावायचा तर संमती लेखी आणि मोबदला वेगळा. रोबोट चालवण्याचे, दुरुस्तीचे प्रशिक्षण आधी त्यालाच, ज्याचे काम जाणार आहे, आणि तेही कंपनीच्या खर्चाने.

नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचे केले आहे. या १ जानेवारीला पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मांडू. शिरूर-दौंडच्या कंत्राटी पोरांनी येऊन सांगावे: पत्र मिळाले का, ठेकेदार कोण, आणि लाइनवर नवा कॅमेरा कधी बसला.