पाड्यावरचा गर्भसंस्कार

मुंबई, पुणे, ठाण्याच्या सुशिक्षित घरांत गर्भसंस्काराचे महत्त्व आता कुणी पटवून द्यावे लागत नाही. घरात नवा जीव येणार असे कळले की सारे कुटुंब सावध होते. सून काय खाते, काय वाचते, किती विश्रांती घेते, याकडे सासूबाईंचे लक्ष असते. मातेच्या उदरातच चक्रव्यूहाचा भेद ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा सांगणाऱ्या समाजाला हे साजेसेच आहे. मातेचे मन आणि मातेचा देह हीच बालकाची पहिली शाळा, ही हिंदू समाजाची जुनी श्रद्धा आहे. प्रश्न एवढाच, की या श्रद्धेची सीमा शहरांच्या वेशीवरच का संपावी? जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगरांतील पाड्यांवर जी वनवासी भगिनी आज गर्भवती आहे, तिच्या उदरातील बालकाच्या संस्काराची चिंता कोणी वाहायची?

या भगिनीचा दिवस पहाटे सुरू होतो तो चिमूटभर मशेरीने. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती बोटाने दातांवर घासायची, हा क्रम आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आलेला आहे. दात घासणे हे निमित्त. हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरते आणि अंगाला तरतरी येते. मग दिवसातून एकदा लावायची मशेरी दोनदा, तीनदा, चारदा लागू लागते. कुणाच्या कमरेला तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी असते, तर कुणी वडीलधारी स्त्री कामातून उसंत मिळताच विडी पेटवते. शहरात स्त्रीचे धूम्रपान हा कुजबुजीचा विषय असतो. पाड्यावर तंबाखू लपवावी लागत नाही, कारण ती व्यसन म्हणून गणलीच जात नाही.

ती हे का करते, याचे उत्तर तिच्या चुलीपाशी सापडते. तंबाखूने भूक मरते. डोंगरउतारावरच्या नागली-वरईच्या आणि भाताच्या तुटपुंज्या शेतीवर वर्ष निभत नाही. दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात. पोटुशी बाईही डोक्यावर विटा वाहते. दुपारचे जेवण लांबले तर चिमूटभर तंबाखू तेवढा वेळ निभावून नेते. दात दुखला तर मशेरी, पोट साफ होत नसेल तर मशेरी, मनाला उदास वाटले तरी मशेरी! जिथे डॉक्टर कोसभर दूर असतो, तिथे तंबाखूची पुडी हेच औषध, हाच विरंगुळा आणि पुष्कळदा हेच जेवण ठरते.

या सवयीची किंमत मात्र जो बोलू शकत नाही त्याला मोजावी लागते. निकोटीन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला मिळणारा प्राणवायू व अन्नरस घटतो. विडीच्या धुरात त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागाच बळकावतो. धूर नसलेली तंबाखू त्यामानाने निरुपद्रवी, असा एक समज रूढ आहे. मुंबईतच झालेल्या संशोधनाने तो खोटा ठरवला आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतील बाराशेहून अधिक गर्भवती स्त्रियांची नोंद ठेवून केलेला अभ्यास 2004 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले आणि गर्भाचे दिवसही सरासरी सहाने घटले, असे त्यात आढळले. पुढे याच संशोधकांनी मृत बालक जन्मण्याचा धोकाही अशा मातांमध्ये दुपटीहून अधिक असल्याचे दाखवून दिले.

शंभर ग्रॅम म्हणजे काय, असे सुखवस्तू घरात वाटू शकेल. तीन किलोच्या बाळाचे शंभर ग्रॅम कमी झाले तर फारसे बिघडत नाही. परंतु जिथे माताच मुळात रोडावलेली, रक्त कमी असलेली, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी आई होणारी, तिथे बाळ आधीच अडीच किलोच्या सीमेवर तरंगत असते. त्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे जगण्या-मरण्याचे अंतर आहे. कमी वजनाचे बाळ लवकर गारठते, त्याला नीट ओढून दूध पिता येत नाही, पहिल्याच पावसाळ्यातील न्यूमोनिया त्याला पेलत नाही.

जव्हार-मोखाड्याला हे अंतर नवे नाही. 1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली आणि मुंबईच्या उंबरठ्यावर असलेले हे दारिद्र्य महाराष्ट्राला पहिल्यांदा ठळकपणे दिसले. त्यानंतर मंत्र्यांचे दौरे झाले, 1995 साली नवसंजीवन योजना आली. 2014 साली ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. 2015 साली गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. तरीही 2016 साली मोखाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य पुन्हा हादरलेच. सर्व सरकारांना आणि सर्व पक्षांना लागू पडणारी ही वस्तुस्थिती आहे.

या साऱ्या प्रयत्नांत तांदूळ मोजला गेला, लोहाच्या गोळ्या मोजल्या गेल्या, बालकांचे वजन मोजले गेले. मातेच्या कनवटीची तंबाखूची पुडी मात्र कोणी फारशी मोजली नाही. ताटात वाढलेले अन्न वारेतून बाळापर्यंत पोहोचण्याची वाटच जर आकसलेली असेल, तर योजनेतील प्रत्येक घासाचे मोल तेवढ्या प्रमाणात उणावते.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. कुपोषणाचे खापर तंबाखूवर आणि तंबाखूचे खापर मातेवर फोडून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होईल. तो अन्याय ठरेल. कुपोषणाची मुळे रोजगाराच्या अभावात, कोवळ्या वयातील लग्नांत, स्थलांतरात आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरींत आहेत. मुंबईची तहान भागवणारी वैतरणा याच डोंगरांतून वाहते आणि याच डोंगरांतील माता चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरते, हे विसरून तिला आरोग्याचे धडे देणे शोभणारे नाही. तंबाखू हे या दुखण्याचे मूळ नव्हे, पण मुळाला घातले जाणारे खतपाणी नक्कीच आहे. आणि इतर मुळे उपटायला वर्षे लागतील तेव्हा लागोत, ही एक गोष्ट याच नऊ महिन्यांत हाती घेता येण्यासारखी आहे.

हाती घेता येण्यासारखी असली तरी ती सोपी नाही. आशाताई सांगतात, नर्सबाई सांगतात, बाळासाठी सोड म्हणतात. त्या भगिनीलाही ते पटते, कारण बाळावरची माया काही शहरातल्याच आईला असते असे नाही. ती एक सकाळ मशेरीशिवाय काढते. दुपारपर्यंत डोके ठणकू लागते, चिडचीड होते, हात कामात लागत नाही. दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही, मळमळ वाढते. घरात सासू मशेरी भाजत असते आणि तिचा वास घरभर पसरतो. ओसरीवर नवरा तंबाखू मळत असतो. तिसऱ्या दिवशी तिचे बोट पुन्हा डबीकडे जाते आणि पुढच्या तपासणीला ‘सोडली का?’ असे विचारताच ती मान खाली घालते किंवा ‘सोडली’ असे खोटेच सांगते. ज्याला दुर्गुण म्हणून हिणवले जाते ते प्रत्यक्षात शरीराला जडलेले अवलंबित्व आहे. पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात, नंतरच्या दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो, आणि तलफेची एकेक लाट तर काही मिनिटांचीच असते. हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून पहिल्या अपयशाला ती कायमचा पराभव समजते.

‘ही त्यांची परंपरा आहे, आपण कशाला ढवळाढवळ करा,’ असा सूर काही विद्वानांकडून निघतो. या युक्तिवादाला इतिहासाचा आधार नाही. तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातील रोप. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ते या भूमीवर आले आणि सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून अकबराच्या दरबारी पोहोचले. तारपा, बोहाड्याचे मुखवटे, भिंतीवरचा लग्नाचा चौक, लग्न लावणारी धवलेरी, ही वनवासी परंपरा होय. तिचे जतन झालेच पाहिजे. परक्या जहाजातून उतरलेल्या आणि व्यापाऱ्याने पुडीत बांधून पाड्यावर पोहोचवलेल्या पानाला परंपरेचा मान देणे म्हणजे परंपरेचाच अवमान आहे. कडुनिंब, बाभूळ आणि करंजाचे दातवण मात्र याच रानातले आहे आणि मशेरीपेक्षा जुने आहे.

कायद्याने काय साधले? महाराष्ट्राने 2002 साली गुटख्यावर बंदी घातली. ती 2004 साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. 2012 साली अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे पुन्हा बंदी आली. तीही चोरट्या विक्रीने पोखरली गेली. आणि मशेरीसाठी लागणारी साधी तंबाखू तर या बंदीच्या कक्षेतच येत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे 17 टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले होते. कायदा हवाच आणि त्याची कठोर अंमलबजावणीही हवी. परंतु घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी पोलिसाच्या दंडुक्याने सुटणार नाही.

ती सुटेल ती सोबतीने. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टच्या साहाय्याने 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालवले. दारू आणि तंबाखूविरुद्ध गावालाच उभे करायचे, हे त्याचे सूत्र. जव्हार-मोखाड्यातही सेवेची परंपरा आहे. प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्था येथे अनेक दशके काम करीत आहेत. वनवासी कल्याण आश्रमाच्या आरोग्यरक्षक योजनेने गावातल्याच माणसाच्या हाती प्राथमिक उपचार दिले आहेत. त्या औषधपेटीसोबत आता हा एक विषयही पाड्यावर जायला हवा.

करायचे ते फार खर्चिक नाही. गर्भवतीची नोंद होताच तंबाखूची चौकशी व्हावी, पण फौजदाराच्या आवाजात नव्हे, थोरल्या बहिणीच्या आवाजात. एका दिवसात सुटत नसेल तर चार वेळांची मशेरी दोनवर, दोनाची एकावर आणावी, मात्र पूर्ण सोडण्याचा दिवस ठरवलेला असावा. सकाळी मशेरीऐवजी दातवण. तलफ येताच पाण्याचे घोट, मूठभर भाजलेले चणे, आवळ्याची फोड. सुपारी मात्र नको, तीही बाळाला बाधकच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या नऊ महिन्यांत सासूने आणि नवऱ्यानेही घरात तंबाखू आणू नये. सुईण आणि धवलेरी यांच्या शब्दाला पाड्यावर मान आहे. त्यांनी एकदा सांगितले तर दहा भित्तिपत्रकांचे काम होईल. 1800-11-2356 या शासनाच्या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास समुपदेशन मिळते, हे प्रत्येक आरोग्यरक्षकाला पाठ असावे. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या प्रत्येक मातेला हा सल्ला मिळावा. वीटभट्टीवर गेलेल्या मातेचा माग तेथील कार्यकर्त्यांनी घ्यावा, कारण पाड्यावर सुटलेली सवय भट्टीवर पुन्हा जडते. आणि मध्येच कुणी घसरली तर तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून साथ द्यावी. गर्भारपणात तंबाखू जितकी लवकर सुटेल तितका बाळाचा लाभ अधिक, पण उशिरा सोडूनही लाभ होतोच.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. पाड्यावर व्यसनमुक्तीचे बौद्धिक देऊन परतताना वाटेत तंबाखू मळणारा कार्यकर्ता हा दुर्मिळ प्राणी नाही. शहरातील कितीतरी प्रतिष्ठित घरांत कर्ता पुरुष गच्चीवर सिगारेट ओढतो आणि खाली सूनबाईंच्या गर्भसंस्काराची ध्वनिफीत चालू असते. वनवासी भगिनी निरक्षर असेल, आंधळी नाही. बोलणाऱ्याच्या ओठांआड काय दडले आहे, ते तिला दिसते. जो स्वतः सोडू शकला नाही त्याने तिला सांगू नये, असे नव्हे. तिच्यासोबत त्यानेही त्याच दिवशी सोडावी आणि आपल्याला किती जड जाते आहे ते तिला मोकळेपणाने सांगावे. समरसता याहून वेगळी काय असते?

जव्हारच्या डोंगरात जन्मणारे बालक हे हिंदू समाजाचेच बालक आहे, हे वाक्य व्यासपीठावरून अनेकदा उच्चारले गेले आहे. त्या वाक्याची कसोटी पहाटेच्या अंधारात, पाड्यावरच्या एका चुलीपाशी लागते. तेथे एक भगिनी तव्यावरची मशेरी बाजूला सारून दातवण हाती घेते आहे. तिचा हात थरथरतो आहे. त्या क्षणी तिच्या शेजारी कोणी असेल का, याचे उत्तर समाजाला द्यायचे आहे.