लो केलेल्या गाडीला आधी टायर हवा

पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत गाडी लो करण्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. लोअरिंग स्प्रिंग बसतात, गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली येते आणि लगोलग सल्ला मिळतो: आता सतरा इंची मॅगव्हील टाका, आर्चमधली पोकळी भरेल, गाडी रस्त्याला चिकटून पळेल. यातलं एकही आश्वासन हिशोबाला टिकत नाही.

आधी पोकळीचं पाहू. चाकणच्या कारखान्यातून 2022 पर्यंत बाहेर पडलेल्या फोक्सवॅगन पोलोच्या कित्येक गाड्यांना 185/60 आर15 हा टायर होता. म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, साइडवॉलची उंची तिच्या 60 टक्के, रिम 15 इंची. साइडवॉल 111 मिलिमीटर भरते आणि टायरसकट चाकाचा व्यास 603. आता सतरा इंची रिमवर 215/40 चढवला तर व्यास होतो 603.8. पोकळी जवळजवळ तेवढीच राहिली. साइडवॉल मात्र 111 वरून 86 वर आली. पंचवीस मिलिमीटर रबर आणि हवा गेली, त्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं. पोकळी कमी केली असेल तर ती स्प्रिंगनं, रिमनं नव्हे.

आणि लो केलेल्या गाडीत नेमके तेच पंचवीस मिलिमीटर मोलाचे असतात. स्प्रिंग आखूड झाली की सस्पेन्शनला दबायला जागा कमी उरते, बंप स्टॉप लवकर लागतो. त्यानंतरचा धक्का पेलायला फक्त टायर उरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर आहे. आपल्या गल्ल्यांतले किती गतिरोधक त्या मापाचे असतात, हे प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याच्या कडेवर पातळ टायर आदळला की तो रस्ता आणि रिम यांच्यात चिमटला जातो. रिम वाकतो, साइडवॉलमधले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो.

रुंद टायर जास्त पकडतो, हे म्हणणं अर्धं खरं आहे. कोरड्या वळणावर त्याचा फायदा होतो. पण हवेचा दाब तोच ठेवला तर रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. ते आडवं पसरतं आणि लांबीला आखडतं. साचलेलं पाणी बाजूला सारणं अशा टायरला अवघड जातं, त्यामुळे तो कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. जुलैत बोरघाट उतरणाऱ्याला ही गोष्ट शोभेहून महत्त्वाची वाटायला हवी.

जितकी खाली तितकी स्थिर, हाही समज तसाच. पोलो, स्विफ्टसारख्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. गाडी फार खाली आणली की खालचे आर्म चाकाच्या बाजूला वर उचलले जातात आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोहोंतलं अंतर वाढल्यामुळे वळणावर गाडीला कलंडवणारा जोर उलट वाढतो. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली बसवणं तर सरळ धोक्याचं आहे. चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

दुसऱ्या टोकाला 'कंपनीनं दिलं त्याला हातच लावू नये' म्हणणारे आहेत. त्यांचंही पूर्ण मान्य होण्यासारखं नाही. मारुतीनं स्विफ्टच्या एकाच पिढीत खालच्या मॉडेलांना 165/80 आर14 आणि वरच्यांना 185/65 आर15 दिला. व्यास 619.6 आणि 621.5. रिम एक इंचानं वाढवायचा, पण बाहेरचा व्यास राखायचा, ही रीत खुद्द उत्पादकाचीच आहे. कायद्याचा त्यांचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. स्प्रिंग असो वा चाक, आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारलेलं बरं.

मग निवड करायची कशी? टायरपासून. तीस मिलिमीटर खाली आलेल्या पोलोला सोळा इंची 195/50 पुरेसा आहे. व्यास 601.4 आणि साइडवॉल साडेसत्त्याण्णव. भारांक मूळचाच 84, म्हणजे दर टायरला 500 किलो. त्याहून कमी भारांकाचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीचा रिम चालतो. नऊ इंची रिमवर तोच टायर ताणून बसवणारे शोभेसाठी बीडची, म्हणजे रिमला धरणाऱ्या टायरच्या कडेची, पकड धोक्यात घालतात.

ऑफसेटवर, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातल्या मिलिमीटरमधल्या अंतरावर, दुकानदार सहसा बोलत नाही, आणि लो गाडीत घासाघीस तिथूनच सुरू होते. सहा इंची रिमऐवजी सात इंची घेतला आणि ऑफसेट 38 चा 25 झाला, तर चाकाची बाहेरची कड जवळपास 26 मिलिमीटर बाहेर येते. उंच गाडीत हे खपून जाईल. लो गाडीत मागे दोन माणसं बसताच आर्चची कड टायर कापू लागते.

पीसीडीत, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास यांत, तडजोड नाहीच. रांजणगावला बनलेल्या फियाट पुंटोचा पीसीडी 4×98, बाजारातले बहुतेक मॅग 4×100. दोन मिलिमीटरनं काय होतं, असं म्हणून ते आवळून बसवले जातात. मग बोल्ट तिरका ताण घेतो आणि सैल होतो. पोलोच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या बहुतेक मॅगना शंकूच्या आकाराची लागते. जुनेच बोल्ट वापरले तर ते नीट टेकत नाहीत. पोलोच्या मूळ चाकाचं हबवर बसणारं मधलं भोक 57.1 मिलिमीटरचं आहे. मॅगचं त्याहून मोठं असेल तर मापाची रिंग घ्यावी.

पैसे देण्याआधी एकच चाक बसवून घ्या. गाडीत चार माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, जवळच्या गतिरोधकावरून जा, मग आतल्या आणि बाहेरच्या कडेला घासल्याच्या खुणा शोधा. त्यानंतरच चारही चाकं बसवा आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या. एवढी चाचणी करू न देणाऱ्या दुकानातून मॅग घेऊ नका.