ऋण फेडताना सण

ऋण काढून सण करू नये, हे मराठी घरातील मूल व्यवहार कळू लागण्यापूर्वीच शिकते. चार्वाकाच्या नावावर सांगितले जाणारे, कर्ज काढून तूप पिण्याचे तत्त्वज्ञान आपल्या समाजात थट्टेचाच विषय राहिले. ही शिकवण योग्यच आहे. परंतु ती मान्य केल्यानंतरही एक निराळा प्रश्न शिल्लक उरतो आणि आज असंख्य मध्यमवर्गीय घरांत तो दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उभा राहतो. ऋण काढून सण करू नये हे खरे. पण ऋण फेडत असताना सण करावा की नाही?

जुन्या पिढीचे उत्तर स्पष्ट होते. डोक्यावर कर्ज आहे तोवर हौस बंद. त्या काळी हे उत्तर पाळताही येत असे. नोकरदार माणसाचे कर्ज म्हणजे बहुधा पतपेढीतून काढलेली रक्कम. आजारपण, मुलीचे लग्न किंवा गावाकडच्या घराची डागडुजी एवढ्यापुरती. पोटाला चिमटा घेऊन ती दोन-चार वर्षांत फिटे. आजचे गृहकर्ज वीस वर्षांचे असते. मुलगी पाच वर्षांची असताना घेतलेले कर्ज फिटते तेव्हा ती पंचवीस वर्षांची झालेली असते. सारी हौस कर्जफेडीनंतर, असा निश्चय केलेल्या बापाच्या हाती त्या दिवशी पैसा असेल. जिला जत्रेतल्या पाळण्यात बसवायचे होते ते मूल नसेल.

याउलट बाजाराचे उत्तर आहे. तो म्हणतो, आज घ्या, पैसे नंतर द्या. शून्य टक्के व्याजाच्या पाट्या दुकानोदुकानी लागतात. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. पाटीवरचे शब्द बदलले, धंदा तसाच राहिला. २०२२-२३ या वर्षात कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या सकल उत्पादनाच्या सुमारे पाच टक्क्यांपर्यंत घसरली; कित्येक दशकांतील ती नीचांकी पातळी होती. बचत हा ज्या समाजाचा स्वभाव मानला जात होता, त्याच्या वहीतली ही नोंद काळजी वाढवणारी आहे.

क्रेडिट कार्डाचे उदाहरण पाहावे. पन्नास हजारांची थकबाकी आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते. ग्राहकाने किमान रक्कम म्हणून अडीच हजार भरले, तर मुद्दल केवळ ७५० रुपयांनी कमी होते. व्याजावरील कर वजा जाता त्याहूनही कमी. हप्ता भरल्याचे समाधान मिळते, कर्ज मात्र जागचे फारसे हलत नाही. या चंगळवादाची पाठराखण कोणताही विचारी माणूस करणार नाही.

तथापि चंगळवादाला उत्तर म्हणून सरसकट वैराग्याचा उपदेश करणारेही एक वास्तव विसरतात. नाकारलेला खर्च नेहमी थांबतोच असे नाही. पुष्कळदा तो चोरटा होतो. सहा महिने चहासुद्धा बाहेर न घेणारा गृहस्थ सातव्या महिन्यात एका संध्याकाळी पाच हजारांची खरेदी करून येतो आणि पावती खिशातच ठेवतो. गृहिणी नव्या साडीची किंमत निम्मी सांगते. मुलगा सहलीचे पैसे घरी मागतच नाही, मित्राकडून उसने घेतो. असे एक कर्ज फेडता फेडता तीन लहान कर्जे घरात शिरतात आणि त्यांपैकी एकाचीही नोंद वहीत नसते. पैशांपेक्षाही मोठे नुकसान होते ते घरातल्या परस्परविश्वासाचे.

कर्जदाराच्या हौसेला दोष देण्याची खोड जुनीच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. दंगलींचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरले. सरकारने आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यांत आणि सणांत पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, अशी त्या वेळच्या साहेबी वर्तुळात समजूत होती. परंतु खुद्द या ब्रिटिश आयोगानेच नोंदवले की, या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात आणि अनेक वर्षांचा हिशेब मांडला, तर त्याच्या स्थितीतील माणसाने कौटुंबिक आनंदावर करावा त्याहून हा खर्च बहुधा अधिक नसतो, असा त्या निष्कर्षाचा आशय होता. दारिद्र्य, सारावसुलीचा ताठरपणा आणि चढत्या व्याजाचा फेरा ही दुखणी अधिक खोल होती. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. परक्या राज्यकर्त्यांच्या आयोगाला जे उमगले, ते आपल्याच शेजाऱ्याच्या घरातल्या श्रीखंडाच्या वाटीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांना उमगू नये, हे आश्चर्य आहे.

हिंदू जीवनदृष्टीत याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या परंपरेने चार पुरुषार्थ सांगताना कामाला वगळले नाही. त्याला धर्माच्या मर्यादेत बसवले. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, ही गीतेची दृष्टी आहे. समर्थांनी नेटक्या प्रपंचाचा आग्रह धरला, कोरड्या प्रपंचाचा नव्हे. ऋण ही कल्पनाही आपल्याकडे केवळ सावकारापुरती नाही. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे माणूस जन्मभर फेडीत असतो. पण म्हणून त्याने जन्मभर सुतकी चेहऱ्याने वावरावे असे कोणी सांगितलेले नाही. सण तर त्या ऋणफेडीचाच भाग आहेत.

आता हिशेब. पंचवीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे साडेबावीस हजार रुपये येतो. घरात दरमहा साठ हजार येत असतील आणि त्यांतील एक हजार हौसेसाठी बाजूला काढले, तर ते उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. मात्र त्याची किंमत लपवू नये. तेच हजार रुपये दरमहा मुद्दलात भरले, तर कर्ज सुमारे सव्वादोन वर्षे आधी फिटेल. हे ऐकून हौसेवर काट मारण्याचा मोह होईल. पण त्याच घराने दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला एकच जादा हप्ता भरला, तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी संपते. बहुतेक घरांत उलटे घडते. महिन्याचा लहान आनंद कापला जातो आणि बोनस आला की तो मोठ्या दूरदर्शन संचात जातो. लहान सुख राखावे आणि मोठी रक्कम कर्जाला द्यावी, हा खरा शहाणपणा आहे.

यासाठी नव्या विद्येची गरज नाही. डाळीच्या डब्यात नोटांच्या घड्या वेगवेगळ्या ठेवणाऱ्या आजीला अर्थसंकल्प हा शब्द ठाऊक नसेल. शास्त्र ठाऊक होते. किराण्याची घडी निराळी, सणाची निराळी. हौसेच्या रकमेला वहीत किरकोळ या शब्दाआड न दडवता स्वतःचे नाव द्यावे. ती महिन्याच्या आरंभीच ठरावी, रोख असावी, हप्त्यावर कधीही घेऊ नये. तीत प्रत्येकाचा वाटा असावा; नाटकाचे तिकीट, मोगऱ्याचा गजरा, मुलाचे पुस्तक, आजोबांच्या मित्रांसाठी भजी, ज्याचे त्याने ठरवावे आणि त्याचा जाब कोणी विचारू नये. डबा रिकामा झाला की महिना संपला. उरले तर पुढच्या महिन्यात मिळवावे.

कार्डाची थकबाकी ज्याच्या मानेवर आहे, त्याने हा डबा फार लहान ठेवावा. साडेतीन टक्क्यांच्या आगीत प्रत्येक शंभराची नोट मोलाची असते. त्याच्या घरी सण वरणभात आणि घरच्या शिऱ्याचा होईल. पण तोही सणच असेल, तो वहीत लिहिलेला असेल आणि घरातल्या कोणालाही तो कोणापासून लपवावा लागणार नाही.